अवेळीं मालवणारा संगणक

गेल्या चैत्रांत ह्या सदराकडे आलेल्या पत्रांत सातारा जिल्ह्यांतील एका भगिनीचें पत्र होतें. येथें सामान्यतः भाषा, पाठांतर, मुलांचें शिक्षण अशा विषयांची चर्चा चालते हें ध्यानांत घेऊन त्यांनीं आरंभींच लिहिलें होतें कीं, "विषय यंत्राचा आहे, पण भांडण तर्काचें आहे, म्हणून आपणांस लिहितें." पत्र वाचल्यावर आमचेंही मत तसेंच झालें. संगणकाच्या अंतरंगांत आमचा अधिकार बेताचाच. परंतु कार्यावरून कारण कसें शोधावें हा विषय आमच्याकडील नैयायिकांनीं व वैद्यांनीं पूर्वींच शिस्तीनें मांडून ठेविलेला आहे. तेवढ्या शिदोरीवर आम्हीं त्यांच्याशीं दोन महिने पत्रव्यवहार केला, व यंत्रविद्येची जी बाब आली ती आमच्या पुतण्याकडून, जो विद्युत् अभियंता आहे, तपासून घेतली. बाईंच्या संमतीनें, नांव व गांव वगळून, तो वृत्तांत वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण ज्या घरांत जुना संगणक आहे त्या बहुतेक घरांत हें भांडण आज ना उद्यां होणारच.

घर एकत्र कुटुंबाचें, चवदा माणसांचें. माजघरांत २००९ सालीं घेतलेला टेबलावरचा संगणक. तो हल्लीं चालतां चालतां एकाएकीं बंद पडे. कांहीं सूचना नाहीं, पडद्यावर कांहीं अक्षर नाहीं. दिव्यावर फुंकर मारावी तसा मालवे. पुन्हां लावला तर लागे, व पुन्हां केव्हां तरी मालवे. मामंजींचें म्हणणें, सूनबाई दोन दोन तास त्यावर बसतात, यंत्र थकतें. भाऊजींचें म्हणणें, मुलाच्या खेळांतून व्हायरस शिरला आहे. गांवांतील दुरुस्तीवाल्यानें दहा मिनिटें पाहून निर्णय दिला कीं मदरबोर्ड गेला, नवा संगणक घ्या. तोंवर हा चालवायचाच असेल तर फॉरमॅट करून देतों.

हा शेवटचा शब्द वाचून आम्ही दचकलों. फॉरमॅट करणें म्हणजे पाटी पुसून टाकणें. आणि ह्या पाटीवर होतें काय? बाईंनीं आठ वर्षें खपून लिहून काढलेला घराण्याचा कुलवृत्तांत. छापील कुलवृत्तांत वाचकांनीं पाहिलेले असतील. त्यांत पुरुषांच्या नांवांची वेल सविस्तर असते, आणि लेकींविषयीं 'मुलगी एक, दिली अमुक गांवीं' एवढ्यावर बहुधा भागविलेलें असतें. बाईंनीं नेमकी तीच बाजू भरून काढली होती. घराण्यांतील वृद्ध लेकीसुनांना दूरध्वनि करून, कांहींच्या घरीं जाऊन, त्यांचीं माहेरचीं नांवें, शिक्षण, मुलेंबाळें, आठवणी, अशी नऊ पिढ्यांची माहिती त्यांनीं टिपली होती. त्यांतील सहा वृद्धा आतां हयात नाहींत. हें सारें त्या एका यंत्रांत, एका प्रतींत! सासऱ्यांनीं दुरुस्तीवाल्याला सोमवारीं यावयास सांगितलें होतें. बाईंचें पत्र आम्हांस मिळालें गुरुवारीं.

म्हणून आम्हीं पहिलें उत्तर पत्रानें न देतां दूरध्वनीनेंच दिलें, व त्यांत निदानाचा शब्दही काढला नाहीं. एवढेंच सांगितलें कीं, सोमवारचा मनुष्य थांबवावा, व लिखाणाची नक्कल आधीं करावी. रोगी अत्यवस्थ असतां प्रथम त्याचें मृत्युपत्र करून घ्यावें हा व्यवहार आहे. मग तो खडखडीत बरा झाला तर आनंदच. आणखी एक गोष्ट येथें आहे. संगणक रीतसर बंद न होतां मालवतो तेव्हां त्या क्षणीं जी फाईल लिहिली जात असेल ती अर्धवट राहून नासण्याचा संभव असतो, व चकतीलाही असा धक्का वारंवार मानवत नाहीं. तेव्हां प्रत्येक मालवण्यागणिक त्या वृद्धांच्या आठवणी पणाला लागत होत्या. बाईंनीं दोन पेनड्राइव्ह आणून, भल्या सकाळीं, थोडथोडी करून, पांच बैठकींत नक्कल पुरी केली. एक प्रत घरच्या कपाटांत व दुसरी त्यांच्या माहेरीं ठेवावी असें आम्हीं सुचविलें. दोन्ही प्रती एकाच घरांत ठेवल्या तर घरावरचें संकट दोहोंवर येतें.

मग निदान. दुरुस्तीवाला दोषी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्याला मोबदला मिळतो तो सुटा भाग विकल्याचा; विचार करण्याचा मोबदला त्याला कोणी देत नाहीं, आणि अधूनमधून होणारा बिघाड त्याच्या दुकानांत दहा मिनिटांत प्रकट होण्यास बांधलेला नसतो. तें काम घरच्या माणसानेंच करावें लागतें, कारण रोग्याजवळ रात्रंदिवस तोच असतो. आम्हीं बाईंस एक रुळाची वही घालण्यास सांगितलें. तारीख, वेळ, संगणक लावल्यापासून किती मिनिटें झालीं, कोण बसलें होतें, काय चाललें होतें, मालवण्यापूर्वीं कांहीं निराळें जाणवलें काय, आणि त्या वेळीं घरांत दुसरें काय चालू होतें, एवढे रकाने. शेवटच्या रकान्यास बाई हंसल्या. पण भरला मात्र कटाक्षानें.

अशी नोंद ठेवण्याची चाल संगणकाच्या जन्मापासूनची आहे. अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क २ नांवाच्या संगणकांत ९ सप्टेंबर १९४७ रोजीं एक पतंग विजेच्या कळींत चिरडलेला सांपडला, तेव्हां तेथील मंडळींनीं पॅनेल व कळ यांच्या क्रमांकासह वेळ, दुपारचे पावणेचार, वहींत टिपली व तो पतंगही पानावर चिकटविला. ती वही वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयांत आहे. यंत्रदोषाला 'बग' म्हणजे कीटक म्हणण्याची रूढि त्या पतंगापासून पडली असें पुष्कळ जण सांगतात. वस्तुतः एडिसननें १८७८ च्या एका पत्रांत हा शब्द ह्याच अर्थीं वापरलेला आहे. आमच्याकडे पतंगाची जागा पाल व झुरळ घेतात, इतकाच फरक.

बाईंची वही एकोणीस दिवसांनीं आम्हांकडे आली. एकंदर तेवीस वेळां संगणक मालवला होता. वही वाचतांच जें दिसलें तें घरांत कोणाच्याच ध्यानीं आलेलें नव्हतें: हें तेवीस मरण एका जातीचें नव्हतेंच.

नऊ वेळां तो सकाळीं साडेसहा ते सातच्या दरम्यान गेला होता. त्या वेळीं त्यावर मामंजी वर्तमानपत्र वाचीत बसत. लावून पुरतीं दहा मिनिटें होत न होत तोंच मालवे. पूर्वसूचना कांहीं नसे. तेरा वेळां तो दुपारीं दोन ते चारच्या दरम्यान, बाई लिहीत असतां गेला होता. आणि तेव्हां मात्र आधीं पांचसात मिनिटें आंतला पंखा घरघरूं लागे व टंकलेलीं अक्षरें पडद्यावर मागाहून उमटत. उरलेला एक प्रसंग रात्रीं साडेनऊचा. रकान्यांत लिहिलें होतें, 'चिंटूचा पाय बोर्डाच्या बटणावर पडला.' तो आम्हीं सोडून दिला.

आतां शेवटचा रकाना पाहावा. त्या गांवीं नळास पाणी एक दिवसाआड येतें, व आलें कीं साडेसहाला गच्चीवरच्या टाकीसाठीं मोटर लावतात. एकोणीस दिवसांत पाण्याचे दिवस दहा. त्यांपैकीं नऊ दिवशीं सकाळीं संगणक मालवला. दहाव्या दिवशीं मामंजी आठ वाजेपर्यंत संगणकाजवळ गेलेच नव्हते. बिनपाण्याचे दिवस नऊ. त्यांतील एकाही सकाळीं तो मालवला नाहीं. नैयायिक ज्यास अन्वय व व्यतिरेक म्हणतात तो हाच: जेथें मोटर तेथें मरण, आणि जेथें मोटर नाहीं तेथें मरणही नाहीं. व्हायरसला नळास पाणी केव्हां येतें हें ठाऊक असण्याचें कारण नाहीं!

मोटर सुरू होतांना क्षणभर पुष्कळ वीज ओढते व घरांतील दाब उतरतो. दिवे किंचित् लवतात हें सर्वांनीं पाहिलेलें आहे. परंतु तेवढ्यानें संगणक जाऊं नये. भिंतींतील २३० व्होल्टची वीज संगणकाला लागणाऱ्या लहान दाबांत उतरवून देणारी जी पेटी आंत असते, जीस बाजारांत एसएमपीएस म्हणतात, तिच्यांत क्षणभराची उणीव सोसण्यापुरता सांठा असतो. हा क्षण मात्र खरोखरच क्षण. एका सेकंदाचा साधारण साठावा हिस्सा. मग मालवतो कां? येथें पुतण्यानें एक प्रश्न विचारला: मध्यें यूपीएस आहे काय? होता. विजेचा दाब उतरला कीं यूपीएस आपला भार बॅटरीवर टाकतो. बॅटरी मेलेली असेल तर तो भार कोणावरच पडत नाहीं, आणि एरवीं जी उणीव संगणकानें सोसली असती तीच, रक्षणास ठेविलेल्या ह्या पहारेकऱ्यामुळें, प्राणघातक होते. शिशाच्या बंद बॅटरीचें आयुष्य साधारणतः तीन ते पांच वर्षांचें. ही केव्हां घातली तें घरांत कोणास आठवत नव्हतें.

परीक्षा सोपी आहे व वाचकांनीं आपापल्या घरीं अवश्य करावी. संगणक काढून घेऊन यूपीएसला टेबलावरचा साधा दिवा लावावा, व यूपीएसचा भिंतींतील प्लग उपसावा. दिवा जळत राहिला तर बॅटरी जिवंत आहे. बाईंच्या घरीं दिवा तत्क्षणीं गेला. परीक्षा करतांना मामंजी स्वतः उभे होते. त्यानंतरच्या पाण्याच्या तीन सकाळीं संगणक यूपीएस वगळून सरळ भिंतीला जोडून चालविला. दिवे लवले, संगणक ढळला नाहीं.

दुपारचें प्रकरण निराळें, व विचाराच्या दृष्टीनें अधिक गोड. तेरा मरणांच्या मिनिटांचा रकाना आम्हीं ओळीनें वाचला. थंड यंत्र लावल्यापासून पस्तीस मिनिटांच्या आंत तें कधींच मालवलें नव्हतें. परंतु मालवल्यावर बाईंनीं घाईनें लगेच पुन्हां लावलें, तर दुसरें मरण आठदहा मिनिटांतच येई. अर्धा तास विश्रांति दिली तर पुन्हां बराच वेळ चाले. ह्या एका खुणेवरून उष्णतेचा संशय धरावा. तापलेलें यंत्र विसावल्यानें निवतें. तुटलेली तार किंवा फुटलेला भाग विसाव्यानें बरा होत नाहीं. (तडकलेला सांधा तापल्यावर सुटतो व निवाल्यावर जुळतो, असें क्वचित् घडतें, असें पुतण्या म्हणतो, पण तो अपवाद, व त्याचाही मार्ग उष्णतेवरूनच जातो.)

आणखी एक गंमत. वहीच्या मध्यावर तीन दिवस वळवाचा पाऊस झाला व हवा गार पडली. त्या तीन दुपारीं बाई एकेका बैठकीस तीन तास बसल्या, तरी संगणक मालवला नाहीं. मामंजींचा हेतु, म्हणजे 'फार वेळ बसणें', येथें हजर आहे आणि कार्य नाहीं. अशा हेतूला शास्त्रांत सव्यभिचार म्हणतात. त्यावरून कांहींही सिद्ध होत नाहीं. पण ह्याच तीन दिवसांनीं घरांत दुसरा घोटाळा केला होता. पावसाच्या आदल्या रात्रीं भाऊजींनीं मुलाचा खेळ संगणकांतून काढून टाकला होता. दुपारचें मालवणें थांबलें, आणि साऱ्या घरानें मुलाकडे पाहिलें. मध्येंच एका पाण्याच्या सकाळीं तो मालवला, तेव्हां 'व्हायरसचा अवशेष राहिला असेल' असें ठरलें. फांदीवर कावळा बसणें व ताडाचें फळ पडणें ह्यांची गांठ पडली म्हणजे काय होतें, हें आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही वर्षानुवर्षें शिकवीत आलों. पण इतकें ताजें उदाहरण आम्हांस पूर्वीं मिळालें नव्हतें. मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याचा खेळ परत घालून द्यावा असें आम्हीं आग्रहानें लिहिलें.

व्हायरसाचा प्रश्न कायमचा मिटविण्यास एक उपाय पुतण्यानें सांगितला. संगणक लावतांच, विंडोज सुरू होण्यापूर्वीं, विशिष्ट कळ दाबली असतां यंत्राच्या मूळ व्यवस्थेचा एक साधा पडदा उघडतो. त्याला बायोस म्हणतात. तेथें विंडोज नाहीं, खेळ नाहीं, कुलवृत्तांतही नाहीं. संगणक त्या पडद्यावर नुसता ठेवून द्यावा. तेथेंही तो मालवला, तर विंडोज व व्हायरस दोघेही निर्दोष सुटले. शिवाय बहुतेक यंत्रांत ह्याच पडद्यावर प्रोसेसरची, म्हणजे संगणकाच्या मेंदूची, उष्णता अंशांत लिहिलेली असते. बाई दुपारीं वही घेऊन समोर बसल्या. आरंभीं ५८ अंश. पंधरा मिनिटांनीं ७६. मग ८५, ९०. ९४ चा आंकडा वाचला आणि पडदा काळा झाला.

हें मालवणें म्हणजे यंत्राचा अपमृत्यु नसून आत्मरक्षण आहे, हें येथें सांगितलें पाहिजे. प्रोसेसर तापूं लागला कीं तो प्रथम आपला वेग कमी करतो. अक्षरें मागाहून उमटत तें ह्यामुळें. त्यानेंही भागलें नाहीं तर, जळून जाण्यापूर्वीं, वीज तोडवून घेतो. वैद्यांच्या भाषेंत पंख्याची घरघर व मंदगति हें पूर्वरूप, मालवणें हें रूप. सकाळच्या मरणांना पूर्वरूप नव्हतें, ह्यावरूनच तीं निराळ्या रोगाचीं होत हें ओळखतां आलें असतें.

ह्यानंतर उपशय. औषध लागू पडतें कीं नाहीं ह्यावरून रोग ओळखण्याची ही युक्ति निदानपंचकांत मोठ्या कौशल्यानें घातलेली आहे. संगणकाच्या पेटीची बाजूची फळी काढून, समोर टेबलपंखा लावून, बाईंनीं दुपारचें काम केलें. सबंध दुपार यंत्र चाललें. पण येथेंच थांबणें बरें नव्हे. उपशयानें 'उष्णता' सिद्ध झाली. उष्णता कां सांठते तें सिद्ध झालें नाहीं. तापावर थंड पाण्याची घडी ठेवल्यानें ताप उतरतो म्हणून घडी हें औषध होत नाहीं.

मग रविवारीं, वीज तोडून, प्लग काढून, भाऊजी व बाई या दोघांनीं पेटी उघडली. पुतण्या दूरध्वनीवर होता. प्रोसेसरच्या माथ्यावर धातूच्या पातळ पात्यांचा एक गठ्ठा असतो, त्यावर पंखा. पात्यांनीं उष्णता वर खेंचावी व पंख्यानें ती उडवावी. त्या पात्यांच्या फटींत धुळीची अशी घट्ट घोंगडी बसली होती कीं पंखा फिरत होता पण वारा खालीं जातच नव्हता. 'पंखा फिरतो ना, मग झालें' असें जें दुरुस्तीवाला म्हणाला होता त्याचा अर्थ एवढाच. त्या काळच्या इंटेलच्या यंत्रांत हा गठ्ठा चार कोंपऱ्यांस चार प्लास्टिकच्या खुंट्यांनीं बसविलेला असतो. त्यांतील एक खुंटी सुटून कोंपरा उचलला होता. धातु आणि प्रोसेसर ह्यांमध्यें उष्णता वाहून नेणारा जो लेप असतो, ज्यास दुकानांत थर्मल पेस्ट म्हणतात, तो सहाणेवर रात्रभर राहिलेल्या गंधासारखा वाळून तडकला होता. धूळ, खुंटी आणि लेप, तिघांचा मिळून हा प्रताप.

मऊ ब्रशानें धूळ काढली, जुना लेप पुसून वाटाण्याच्या दाण्यापेक्षां लहान असा नव्या लेपाचा थेंब ठेविला, चारी खुंट्या टक् असा आवाज होईपर्यंत बसविल्या. सायंकाळीं बायोसच्या पडद्यावर तासभर आंकडा ४७ ते ५१ च्या मध्यें राहिला.

धूळ काढणाऱ्यांनीं दोन पथ्यें पाळावीं. फुंकणीयंत्रानें वारा मारतांना पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावीं, नाहीं तर तीं भरधांव फिरून पंख्याचा नाश होतो. आणि ओलें फडकें कोठेंही लावूं नये. आणि वीज देणारी पेटी, ती एसएमपीएस, घरच्या माणसानें कधींही उघडूं नये. प्लग काढल्यावरही तींत सुमारें ३२५ व्होल्टचा सांठा कांहीं काळ राहूं शकतो. तींत पाल मेलेली दिसली तरी हात घालूं नये.

बाईंच्या प्रकरणांत ती पेटी निर्दोष ठरली. परंतु जुन्या संगणकांत ती फार वेळां दोषी असते, म्हणून तिच्या खुणा सांगतों. ती १२, ५ व ३.३ व्होल्ट असे दाब पुरविते, व त्यांत शेंकडा पांचाहून अधिक फरक चालत नाहीं. म्हणजे बाराचे साडेअकराच्याही खालीं, ११.४ च्या आंत आले, कीं यंत्र केव्हांही गळून पडावें. असा संगणक स्वस्थ असतां चालतो, पण जड काम पडतांच क्षणांत मालवतो. उष्णतेप्रमाणें वाट पाहत नाहीं. कारण बहुधा आंतील कपॅसिटर नांवाचे दंडगोल वाळलेले असतात. दहा अंश उष्णता वाढली कीं त्यांचें आयुष्य अजमासें निम्में होतें असा ठोकताळा आहे. असेच दंडगोल मदरबोर्डावरही असतात, आणि तेथें ते डोळ्यांनीं पाहतां येतात. माथा सपाट असावा. तो पुरीसारखा फुगला असेल किंवा त्यावर तपकिरी खरपूस द्रव वाळलेला असेल तर तो गेला. २००० सालच्या आगेंमागें सदोष द्रवाचे असे दंडगोल जगभर लाखोंनीं बसविले गेले. डेल कंपनीनें २००५ सालीं आपल्या ऑप्टिप्लेक्स संगणकांच्या दुरुस्तीसाठीं ३० कोटी डॉलर बाजूस काढले होते. पुढें घन पदार्थाचे दंडगोल आल्यावर ही साथ ओसरली.

मालवण्याची रीतही नीट पाहावी. पडदा निळा होऊन त्यावर अक्षरें उमटलीं तर विजेकडे न जातां स्मृतिफीत, म्हणजे रॅम, व आज्ञावली ह्यांकडे पाहावें. रॅमच्या सोनेरी कडा खोडरबरानें पुसून बसविण्याचा गांवठी उपाय पुष्कळदां लागू पडतो. लावल्यावर चार सेकंदांतच बंद पडत असेल तर समोरचें बटण दाबलेलें अडकलें आहे काय तें पाहावें, कारण बटण चार सेकंद दाबून धरलें कीं यंत्र बंद व्हावें अशीच योजना आहे. विंडोज स्वतःही रोजनिशी लिहितें. तींत १०७४ हा आंकडा असेल तर कोणी तरी किंवा कोणत्या तरी आज्ञावलीनें बंद करण्याचा हुकूम दिला होता, व तें नांव तेथें असतें. ४१ हा आंकडा मात्र लोकांना उगीच घाबरवितो. त्याचा अर्थ एवढाच कीं मागच्या वेळीं रीतसर बंद झालें नाहीं. मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदय बंद पडलें' असें लिहावें, त्यांतला प्रकार. ह्या रोजनिशींतील वेळ खरी धरावयाची तर घड्याळ बरोबर हवें; तारीख दर वेळीं कांहीं वर्षें मागें जात असेल तर मदरबोर्डावरची रुपयाएवढी गोल बॅटरी, सीआर २०३२, बदलावी.

वाचक विचारतील, इतकी साधी गोष्ट, मग चवदा माणसांना कां उमगली नाहीं? आमच्या मतें ह्याचें उत्तर त्या दोन रोगांच्या गांठींत आहे. कोणी 'तापतो' म्हटलें कीं मामंजी म्हणत, सकाळच्या गारव्यांत दहा मिनिटांत कसा तापेल? कोणी 'वीज' म्हटलें कीं बाई म्हणत, दुपारीं दिवे तर हलतही नाहींत. दोघांचेंही प्रत्युत्तर बिनतोड होतें, आणि प्रत्येकानें दुसऱ्याचें खरें कारण आपल्या खऱ्या अनुभवानें खोडून काढलें. कारण एकच असलें पाहिजे, ही गोष्ट मात्र कोणीं तपासली नाहीं. मग उरले ते ज्यांना बाजू मांडतां येत नव्हती असे दोन संशयित: मुलगा व सूनबाई.

वृत्तांत संपतांना बाईंनीं दोन प्रश्न विचारले आहेत. यूपीएसची बॅटरी बदलावी कीं यूपीएसच नवा घ्यावा? बॅटरी बदलावी, बारा व्होल्टची ती सुटी मिळते, व जुनी दुकानदारास परत द्यावी, केरांत टाकूं नये. बदलल्याची तारीख बॅटरीवरच पेनानें लिहून ठेवावी. आणि हा संगणक पुढें वापरावा काय? लिखाणापुरता खुशाल वापरावा. परंतु त्यावरील विंडोज ७ चें संरक्षण १४ जानेवारी २०२० पासून थांबलेलें आहे. तेव्हां त्यास आंतरजालाची जोड ठेवूं नये, आणि बँकेचे व्यवहार तर त्यावरून मुळींच करूं नयेत. मामंजींना वर्तमानपत्रासाठीं दुसरी सोय करावी लागेल. ते रागावतील असें बाई लिहितात. परंतु ताज्या पत्रावरून दिसतें कीं सध्यां ते कुलवृत्तांतांतील आपल्या आत्यांचीं नांवें तपासून देण्यांत गुंतले आहेत, व त्यांतील दोन नांवांविषयीं त्यांचा सूनबाईंशीं मतभेद आहे.